आमच्या घरचा बिनतारी छापखाना

कॉम्प्युटर आला की कागद जाणार, असं आपण शाळेपासून निबंधात लिहीत आलो. (मी इंग्रजीतून लिहीत आले, शाळा कॉन्व्हेंटची. मराठीची गाडी अजून सेकंड गिअरमध्ये आहे, सांभाळून घ्या!) कागद काही गेला नाही. सातबारा २०१८ पासून डिजिटल सहीचा मिळतो, पण आमच्या आबांना तो हातात धरल्याशिवाय आपला वाटत नाही. आईला शिकवणीच्या मुलांसाठी प्रश्नपत्रिका लागतात, धाकट्याला प्रोजेक्ट.

पिंप्राळ्यात आम्ही हे कागद छापायचो कसे? झेरॉक्सवाल्याच्या नंबरवर आधार, पासबुक, जातीचा दाखला पाठवायचा आणि म्हणायचं, "दादा, एक कलर, दोन ब्लॅक." दादा भला माणूस. पण अख्ख्या गल्लीचे आधार त्याच्या मोबाईलमध्ये पडून आहेत, याचा विचार कुणी करत नाही. शेवटचे चारच आकडे दाखवणारं आधार मिळतं, तेही कुणी वापरत नाही.

म्हणून मे महिन्यात वाय-फायवाला प्रिंटर घरी आला. तो चालू करणं सोपं होतं. मला काळजी होती ती मी होस्टेलला परतल्यावर तो चालेल का, याची.

मोबाईलला प्रिंटर सापडतो कसा, ते आधी सांगते. सकाळी गल्लीत भाजीवाली ओरडते, "भरताची वांगीऽऽ!" तिला आपला घर नंबर ठाऊक नसतो, पण हाक ऐकू आली की भेट होते. मोबाईलही तसाच २२४.०.०.२५१ या सामायिक पत्त्यावर हाक मारतो, "प्रिंटर आहे का कुणी?" आणि प्रिंटर ओ देतो. ॲपलचं २०१० चं एअरप्रिंट काय, किंवा अँड्रॉइडमध्ये २०१७ पासून आलेली मोप्रियाची सोय काय, दोन्ही या हाकेवर चालतात. गुगलची क्लाउड प्रिंट नावाची सोय होती, ती ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाली. तिच्यात कागद आधी गुगलकडे जाऊन मग घरी यायचा. इथे तो घराबाहेर पडतच नाही. मला तेच हवं होतं.

एक बारीक गोष्ट: बऱ्याच स्वस्त प्रिंटरना २.४ गिगाहर्ट्झचंच वाय-फाय कळतं. ५ चं त्यांना दिसतही नाही.

खरी गंमत लाइटची. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला आणि लाइटचं येणं-जाणं चालू. लाइट आली की राउटर सगळ्यांना पुन्हा नंबर वाटतो. काल शेवटी ५ असलेला प्रिंटर आज ९ होतो. मोबाईल नव्याने हाक मारतो, त्याला फरक पडत नाही. पण पप्पांच्या जुन्या कॉम्प्युटरने पहिला नंबर लिहून ठेवलेला! तो रिकाम्या घराची कडी वाजवत बसतो आणि "ऑफलाइन" म्हणतो. पप्पा म्हणाले, "बिघडला." आबा म्हणाले, "काय व माय, नवाच ना हा?" मग राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रिंटरच्या मॅक ॲड्रेसला एकच नंबर कायमचा बांधून टाकला. रेक्टर सुट्टीतही आपली खोली आपल्याच नावावर ठेवतात ना, तसं. त्यानंतर लाइट कितीदा गेली, "ऑफलाइन" आलं नाही.

आषाढी एकादशीला आमच्याकडे रथ निघतो. घर पाहुण्यांनी भरतं. भावाने त्यांच्यासाठी राउटरवर गेस्ट नेटवर्क सुरू केलं आणि पप्पांचा मोबाईल त्यावरच राहिला. मला होस्टेलवर फोन, "प्रिंटर गायब!" गेस्ट नेटवर्क म्हणजे मधली भिंत, हाक पलीकडे जात नाही. फोनवरच मिटलं. त्यानंतर घटक चाचणीला आईने २२ प्रश्नपत्रिका स्वतः छापल्या. मला कळलं ते आठ दिवसांनी.

आता नवीनच सुरू झालंय. शेजारच्या काकू आईला व्हॉट्सॲपवर आधार पाठवतात, "एवढं काढून दे गं." म्हणजे झेरॉक्सवाल्याच्या मोबाईलमधलं सगळं आता आईच्या मोबाईलमध्ये! सुदैवाने या प्रिंटरला वाय-फाय डायरेक्ट आहे. तो स्वतःचंच छोटं नेटवर्क काढतो, आमच्या घरच्या वाय-फायचा पासवर्ड कुणाला द्यायला नको. मागच्या रविवारी काकूंना ओट्यावर बसवून त्यांच्याच मोबाईलवरून पहिला कागद काढायला लावला. तो गरम कागद दोन्ही हातांनी धरून त्यांनी विचारलं, "आणि हे तुझ्या आईकडे राहिलं नाही ना?"