बोटाएवढा गोल्डफिश

लेकीचा गोल्डफिश तीन वर्षं काचेच्या बाउलमध्ये आहे. अजून बोटाएवढाच. "टाकीच्या मापानेच मासा वाढतो," असं दुकानदार म्हणाला होता. पत्रकार असून मीही न तपासता मान डोलावली. खरं तर तो खुंटलाय. थोड्या पाण्यात त्याच्याच घाणीचा अमोनिया साचतो. साधा गोल्डफिश फूटभर होऊ शकतो! म्हणून नवी टाकी आजच्या बोटभर माशाच्या मापाची नको. चार फुटी हवी, दोनशे लिटरच्या वर, फिल्टरसकट. गेलेली वाढ भरून निघेलच असं नाही, पण निदान स्वच्छ पाणी मिळेल.

शेजारी म्हणाले, "गंगेत सोडून द्या." अजिबात नाही. परका मासा गोदावरीतल्या माशांच्या मुळावर येऊ शकतो.

नाशिककरांनो, कुणाकडे जुनी चार फुटी टाकी पडून आहे का? विकत घेतो.