पिवळी पाटी

हे मी घरातही पूर्ण सांगितलेलं नाही.

घोलवडच्या आमच्या चिकूवाडीत वर्षानुवर्षं ओम्नी होती. 2019 मध्ये ती बनायची बंद झाली, तोवर आमचीही थकली होती. म्हणून जुनी ईको घ्यायचं ठरवलं. सरकता दरवाजा तसाच, पण 796 सीसीच्या जागी 1196 सीसीचं इंजिन. भरलेले क्रेट घेऊन चढ चढताना हा फरक कळतो.

दोन गाड्या पाहिल्या, दोन्ही 2013 च्या. एक समुद्रकाठच्या बंगल्यातली, पांढरीशुभ्र, मीटरवर 46,000 किलोमीटर. दुसरी तलासरीकडच्या एका वारली चालकाची, पिवळ्या पाटीची, उधवा-झरीकडून रोज माणसं नाक्यावर आणणारी, 2,14,000 किलोमीटर चाललेली. तिच्याकडे मी नीट पाहिलंही नाही. पॅसेंजरची गाडी म्हणजे पिळून काढलेली, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते अर्धंच खरं होतं. आदिवासी माणूस यंत्र सांभाळू शकतो, हेच मला पटत नव्हतं. आमच्या वाडीतले चिकू उतरवणारे हात पिढ्यान्‌पिढ्या त्यांचेच. तरी माझा समज हा.

ते चालक माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. मी पहिल्याच वाक्यात ‘तू’ म्हणालो. तेही मला ‘तू’च म्हणाले, कारण वारली बोलीत लहानमोठ्या सगळ्यांना तसंच म्हणतात. माझं ‘तू’ त्यातलं नव्हतं.

“दुसरा गिअर टाकताना अडतो. तुला आधीच सांगून ठेवतो,” ते म्हणाले.

एवढं कबूल करतोय म्हणजे मोठं काहीतरी लपवतोय, असं माझ्या मनात आलं. बंगल्यातल्या गृहस्थांनी गाडीच्या दोषाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. तो मला सभ्यपणा वाटला होता.

चारोटीला ओळखीच्या मेकॅनिककडे दोन्ही गाड्या नेल्या. पांढऱ्या गाडीचं पायाखालचं मॅटिंग उचलून त्यानं पत्र्यावर स्क्रूड्रायव्हर दाबला. तो आरपार गेला. खाऱ्या वाऱ्यात उभं राहून पत्रा खालून कुजला होता. मग त्यानं ब्रेक पेडलचं रबर दाखवलं, झिजून गुळगुळीत झालेलं. “46,000 मध्ये हे असं होत नाही,” एवढंच म्हणाला.

दुसऱ्या गाडीची सीट उचलली. इंजिनाला तेलाचा ओघळ नाही. कप्प्यात एक दोनशे पानी वही होती. ऑइल कोणत्या तारखेला बदललं, किती किलोमीटरला, ब्रेक लायनर कधी, किती पैसे लागले, सगळं ओळीनं. अक्षर आश्रमशाळेत शिकणाऱ्या त्यांच्या मुलीचं. ते सांगत, ती लिही. शेवटच्या पानावर दुसऱ्या गिअरची नोंद होती.

मी तिथंच बाकड्यावर बसून ती वही वाचत राहिलो. माझ्या ओम्नीचं ऑइल शेवटचं कधी बदललं, हे मला सांगता आलं नसतं. यंत्राची हेळसांड करणारा मीच होतो, आणि ज्याच्यावर संशय घेतला त्यानं गाडीचा एकुलता एक दोष मी न विचारता सांगितला होता. मान वर करायला मला वेळ लागला.

सांगितलेल्या किमतीत मी काही कमी करायला लावलं नाही. परमिट रद्द करून पांढरी पाटी मिळवायला आरटीओत खेटे पडले, तेव्हा ते प्रत्येक वेळी आपला दिवस मोडून आले. कागदांवर सही घेताना मी “इथं करा” म्हणालो. त्या एका ‘करा’साठी मला इतके दिवस लागले.

दुसरा गिअर अजून अडतो. वहीत आता नोंदी मी करतो.