छावणीतली व्हीटेक

गुरुवारी कार बाहेर काढायची नाही, हा आमच्या मामाचा नियम. छावणीचा आठवडी बाजार असतो ना! माणसं, टेम्पो, शेळ्या, भाजीच्या पाट्या... त्यातून गाडी काढायची तर आरशांची आशाच सोडायची. पण रविवारी सकाळी सहाला इथं या. जुनी झाडं, शांत रस्ते, आणि खाम नदीवरच्या लोखंडी पुलापलीकडचं शहर अजून साखरझोपेत. छत्रपती संभाजीनगरात गाडी घेऊन निघायला यापेक्षा झकास जागा नाही.

अशाच एका रविवारी मी मामाकडे पोचलो, तर दादा, म्हणजे मामेभाऊ, अंगणात गाडीखाली. बाहेर फक्त पाय. बाजूला जुनी सतरंजी, तिच्यावर ओळीनं मांडलेले पाने. आणि प्लास्टिकच्या खुर्चीत मामा, चहाचा कप हातात, तोंड दुसरीकडे.

गाडी आहे होंडा सिटी १.५ व्हीटेक, मॉडेल २००१. त्याच वर्षी ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’ आला होता. सुप्रा, स्कायलाइन या गाड्या आपण पाहिल्या त्या पडद्यावरच. आपल्या गल्लीत जी जपानी स्पोर्ट्स कार आली, ती चार दारांची आणि मोठ्या डिकीची होती. बाहेरून बघाल तर सज्जन फॅमिली कार. पण बॉनेटखाली १०६ बीएचपी! २००३च्या अखेरीस नवी सिटी आली, ती ७७ बीएचपीची. मायलेजवाले खूश झाले आणि चालवण्याचा शौक असलेले जुन्या व्हीटेकच्या मागे लागले. ते अजून लागलेलेच आहेत.

दोन स्वभावांचं इंजिन

व्हीटेकचा फंडा काय? इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह असतात. ते किती उघडायचे, किती वेळ उघडे ठेवायचे, हे कॅमशाफ्टवरचे उंचवटे ठरवतात. साध्या इंजिनात हा हिशोब एकदाच ठरतो. इथं मात्र मधे एक जास्तीचा, उंच उंचवटा असतो. काटा ठरावीक आरपीएमच्या वर गेला की ऑइलच्या दाबानं एक पिन सरकते, रॉकर एकमेकांना जोडले जातात आणि व्हॉल्व्ह जास्त उघडायला लागतात. शहरात गाय, हायवेवर घोडा.

गंमत म्हणजे हे सगळं ऑइलच्या दाबावर चालतं. ऑइल कमी, जुनं किंवा गाळानं भरलेलं असेल तर घोडा जागाच होत नाही. म्हणजे या गाडीतला सगळ्यात स्वस्त परफॉर्मन्स पार्ट कुठला? वेळेवर बदललेलं ऑइल!

दादाला हे उशिरा कळलं. २०२२मध्ये, पुण्याची नोकरी हातात आल्यावर, त्यानं आधी नको ते सगळं करून घेतलं. ग्राइंडरनं कॉइल स्प्रिंग कापून गाडी खाली बसवली. मागं डब्याएवढा सायलेन्सर लावला. सॉलिड दिसायची, खोटं कशाला बोलू? पण कापलेल्या स्प्रिंगवर शॉकअप किती टिकणार? छावणीतला प्रत्येक स्पीडब्रेकर पोटाला घासायचा. मामाला गुडघ्यांमुळे त्या खाली गेलेल्या सीटवरून उठता येईना. एकदा तो दार धरून कसाबसा उठला, आवाजाकडे बघणाऱ्या शेजाऱ्यांकडे एक नजर टाकली आणि आत निघून गेला. स्वतःच्या कमाईच्या पहिल्या गाडीत तो त्यानंतर तीन वर्षं बसला नाही.

कागदावरची गाडी

मग आलं २०२६. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. ही गाडी २०१६ आणि २०२१ अशा दोन फेऱ्या पार करून आलेली. कारचं हे शुल्क एप्रिल २०२२मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झालं आणि ऑगस्ट २०२५मध्ये २० वर्षांवरच्या कारसाठी १०,०००. पर्यावरण कर वेगळा. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच बजावलं. म्हणजे कापलेल्या स्प्रिंगसह तपासणीला जायचं की गाडी भंगारात द्यायची? दादानं तिसरा रस्ता धरला. गाडी पुन्हा होती तशी करायची. घरीच.

जपानमध्ये या वेडाला कंपन्यांचाच हात आहे. २०१७मध्ये माझ्दानं जुन्या रोडस्टर, तर निस्साननं आर-३२ स्कायलाइन जीटी-आरसाठी जुने पार्ट पुन्हा द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे? आपल्याकडे कुर्ला. मुंबईच्या जुन्या पार्टच्या बाजारात दोन चकरा झाल्यावर मूळ स्प्रिंगचा सेट मिळाला.

आणि मदतीला आले शेजारचे काका, वाळूजच्या एका कारखान्यातल्या टूल रूममधून रिटायर झालेले. या शहरात हे काही नवल नाही. १९८५मध्ये बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि १९९८मध्ये कावासाकी बजाज कॅलिबर तिथूनच बाहेर पडली. जपानी मशीनशी इथल्या हातांची ओळख जुनी आहे. काकांनी पहिल्याच दिवशी दादाच्या हातातून पाना काढून घेतला. “हिसका देऊन नट आवळतोस? टॉर्क रेंच आण आधी.” चाकाचे नट १०८ न्यूटन मीटर. ‘घट्ट वाटतंय’ हे माप नाही.

मग टॅपेट. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. इनलेटला साधारण ०.२० मिलिमीटर फट, एक्झॉस्टला ०.२५. फिलर गेज सरकताना किंचित अडली पाहिजे, अडकता कामा नये. ती ‘किंचित’ म्हणजे किती, हे काकांनी दादाचं बोट धरून शिकवलं. हे इंजिन घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतं, हेही तेव्हाच कळलं. चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, पूर्ण एक सकाळ.

पेट्रोलचे रबरी पाइपही बदलले. आता पंपावर २० टक्के इथेनॉल असतं आणि २००१चं रबर त्यासाठी बनलेलं नाही. मेन रिले उघडून त्याचे तडकलेले जोड पुन्हा सोल्डर केले. नव्वदीच्या घडणीच्या या गाड्या कडक उन्हात रुसतात, त्याचं कारण बरेचदा हेच असतं. चावी फिरवल्यावर पेट्रोल पंपाची दोन सेकंदांची ‘झूंऽऽ’ ऐकू आली नाही तर समजायचं.

दौलताबादपर्यंत

तर, त्या रविवारी शेवटचा नट आवळून झाला. दादानं हात पुसले, पुढचं दार उघडलं आणि म्हणाला, “अण्णा, बसता का?”

मामानं कप खाली ठेवला. सीटची उंची हातानं चाचपली. बसला.

पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटा. स्पीडब्रेकरवर पोट घासलं नाही. दौलताबादला रस्ता थेट किल्ल्याच्या जुन्या दिल्ली दरवाजातून जातो. समोरून बस आली, आम्ही थांबलो. कुणी काही बोललं नाही. पुढे घाट लागला. दादानं दुसऱ्या गिअरवर गाडी थोडी खेचली, काटा वर चढला, आणि इंजिनाचा सूर बदलला. स्वच्छ, मोकळा. वेग फार नव्हता, साठेक असेल.

“ऐकलं का?” दादानं विचारलं.

मामा बराच वेळ समोर बघत होता. “आता आवाज पुढून येऊ राहिला,” तो म्हणाला. “मधी तीन वर्षं मागूनच यायचा.”

घाटमाथ्यावर चहाला थांबलो. मामानं पाकीट काढलं, चहाचे पैसे दिले आणि पाकीट हातातच ठेवून म्हणाला, “आरटीओचे ते दहा हजार मी भरतो. गाडी माझ्या नावावर आहे.”

घरी हात लावणार असाल तर...

• नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरू नका. जॅक स्टँड हवेतच.
• टायमिंग बेल्टचा इतिहास माहीत नसेल तर आधी तो बदला. तो तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात.
• आकडे मॅन्युअलमधून घ्या, ऐकीव नको.
• काढलेला मूळ पार्ट भंगारात देऊ नका. पुढे तोच शोधत फिरावं लागतं.