आठ काढ, आठ!

ऐका! हातातलं काम जरा बाजूला ठेवा आणि ऐका! परवा मी एक मासा पाहिला. बाजारातला नव्हे, ताटातला नव्हे! पाण्यातला, जिवंत, माझ्यापासून जेमतेम दोन हातांवर! तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही आणि भेटेल त्याला मी हेच सांगत सुटले आहे. आज तुमची पाळी!

मी यातली जाणकार नाही, हे आधीच सांगते. मासे धरण्याचं माझं सगळं ज्ञान मालवणच्या जेटीवरचं, तेही लहानपणीचं. तंगूस, गरी, गरीला कोळंबीचा तुकडा आणि काकांच्या शेजारी गप्प बसणं. बस्स! यंदा भावाकडे मिनियापोलिसला आले. त्याच्या शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ राहतात, मी त्यांना मनातल्या मनात आजोबाच म्हणते. त्यांनी कुंपणापलीकडून विचारलं, मस्की पाहिलायस का कधी? मी म्हटलं, मस्की म्हणजे काय? आणि मग संपलंच सगळं!

मस्की म्हणजे मस्केलंज. उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातला शिकारी मासा, चार फुटांपर्यंत सहज वाढणारा. नाव ओजिब्वे लोकांच्या भाषेतून आलेलं. विस्कॉन्सिनने १९५५ साली त्याला राज्याचा मासा ठरवलं. राज्याचा मासा! आणि त्या राज्यातल्या हेवर्ड गावात मासेमारीचं संग्रहालय आहे, तिथे या माशाचा १४३ फूट लांबीचा, साडेचार मजली पुतळा आहे, आणि त्याच्या पोटातून जिना चढत गेलं की आपण थेट जबड्यात उभे राहतो! मी उभी राहिले! दोनदा!

याला ते लोक दहा हजार फेकींचा मासा म्हणतात. म्हणजे दहा हजारदा आमिष फेका, तेव्हा कुठे एक लागेल. हे मला हेवर्डच्या वाटेवर, अडीच तासांच्या प्रवासात, दीड तास झाल्यावर सांगण्यात आलं!

आम्ही गेलो चिप्पेवा फ्लोएजवर. १५,३०० एकरांचा जलाशय. १९२०च्या दशकात धरण बांधून नदी अडवली आणि जंगल, तळी, सगळं पाण्याखाली गेलं. ओजिब्वे लोकांचं गाव गेलं, त्यांची जंगली भाताची खाचरंही गेली. धरणाखाली गेलेली गावं आपल्याला कोयनेमुळे ठाऊक आहेत, त्यामुळे त्या पाण्यावर आल्यावर मी थोडा वेळ काही बोललेच नाही. आणि पाण्याचा रंग! बिनदुधाच्या चहाचा! वरून बघावं तर दोन-तीन फुटांखाली काय चाललंय ते कळतच नाही. हा चहाचा रंग लक्षात ठेवा हं. पुढे लागणार आहे!

हातात नऊ फुटी रॉड. दोरी अशी, की तिला मला टांगलं तरी तुटायची नाही. दोरीच्या टोकाला फूटभर लांब, जाड, न चावता येणारा तुकडा, कारण मस्कीचे दात दोरी सुरीसारखी कापतात. आणि आमिष! त्याला बकटेल म्हणतात. पूर्वी हरणाच्या शेपटीच्या केसांचं करत, आता बरेचदा चमकीच्या झिरमिळ्यांचं. पुढे दोन मोठ्या पितळी चकत्या, ओढलं की गरगर फिरतात, आणि त्यांची थरथर दोरीतून, रॉडमधून थेट कोपरापर्यंत येते! कोपरापर्यंत!

तर मी फेकत होते. फेकायचं, गुंडाळायचं, आमिष बोटीशी आलं की उचलायचं, पुन्हा फेकायचं. मालवणात हेच तर शिकले होते. गरी काठाशी आली आणि काही लागलेलं नाही, म्हणजे तो डाव संपला. आणि आजोबा दर वेळी ओरडायचे, “अगं, उचलू नकोस! आठ काढ, आठ!”

कसला आठ?

ऐका, हीच गंमत आहे! आमिष बोटीजवळ आलं आणि हातभर दोरी उरली, की रॉडचं टोक पाण्यात खुपसायचं आणि आमिष न थांबवता, अजिबात न थांबवता, पाण्यात मोठ्ठा आठ काढायचा. दर फेकीनंतर! काही दिसो वा न दिसो! कारण मस्की पुष्कळदा आमिषाच्या मागे मागे येतो, नुसता येतो, तोंड लावत नाही, थेट बोटीपर्यंत येतो. त्या चहाच्या पाण्यात आपल्याला त्याचा पत्ताही नसतो, आणि आपण आमिष उचलून पुन्हा लांब फेकतो, आणि तो बिचारा तिथेच!

मग मी आठ काढू लागले. पण कोणता? आपला! पाटीवर गिरवलेला, देवनागरी, ८! एक बाक, आणि मग टोक मोकळं! माझं आमिष एक वळण घ्यायचं आणि पाण्याबाहेर यायचं. आजोबांना काही कळेना, मला काही कळेना. आणि मग, साधारण साठाव्या फेकीला, माझ्या त्या मोकळ्या सुटलेल्या आठाच्या टोकाशी तो आला. आला म्हणजे काय, आधी पाण्यात काहीच नव्हतं, आणि मग एक ओंडका होता, आणि मग ओंडक्याला डोळे होते! मी श्वास घ्यायची थांबले. रॉडही थांबला. तोही थांबला. कल्ले हलताना दिसत होते हो! आणि मग तो नुसता खाली गेला, न वळता, न घाबरता, दिवा मंद करावा तसा.

आजोबांनी मग बोटीच्या फळीवर बोटाने इंग्रजी आठ काढून दाखवला. दोन पोटांचा, आडवा पडलेला, कुठेही न सुटणारा. मी माझा काढून दाखवला. ते माझ्या ८कडे बराच वेळ बघत राहिले!

आणि वळणं मोठी हवीत! का, माहितीये? मस्कीचा पाठीवरचा पर पार मागे, शेपटीजवळ असतो. बाणाच्या पिसांसारखा! म्हणून तो सरळ रेषेत सुटतो बाणासारखा, पण एवढं लांब अंग त्याला चटकन वळवता येत नाही. आपण लहानसा आठ काढला तर त्याला वळताच येत नाही आणि आमिष हरवतं. त्याच्या खालच्या जबड्याला बारीक छिद्रं असतात, दोन्ही बाजूंना सहा ते नऊ. त्याचा भाऊबंद पाईक, त्याला पाच किंवा कमी! छिद्रं मोजून मासा ओळखतात! पाण्यातली थरथर त्याला या छिद्रांनी कळते, म्हणजे गढूळ पाण्यातही त्या चकत्या कुठे फिरताहेत ते त्याला ठाऊक असतं. मी रात्री हे भावाला तीनदा सांगितलं. तो म्हणाला, “ताई, झोप आता.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मला पहिला घास मिळाला, म्हणजे मासा आमिषाला चावला, पण वाटेत! बोटीपासून चांगला लांब. पाणवनस्पतींच्या कडेने आमिष येत होतं, ते झुडपात अडकलं, मी हिसडा देऊन सोडवलं आणि धाडकन! डोळ्यांना काहीच दिसलं नाही, नुसतं मनगटाला कळलं. दोरी ताणत नाही ना, सगळा धक्का थेट हातात! मग लांब कुठेतरी पाणी फुगलं, एक मासा पूर्ण हवेत आला, डोकं झटकलं आणि गेला. तीन सेकंद! मी तशीच उभी.

तेव्हा आजोबांनी त्यांची वही काढली. आणि ही वही मला त्या माशापेक्षा कमी वाटत नाही! दोन रकाने. एक ‘वाटेत’, एक ‘बोटीपाशी’. कित्येक वर्षांचे मासे, इंचांत. आणि ‘वाटेत’च्या रकान्यात प्रत्येक माशापुढे बारीक अक्षरात लिहिलेलं, घास पडायच्या आधी काय झालं: झुडपातून सुटलं. वेग वाढवला. क्षणभर थांबलो. दगडाला घासलं. मी वाचत गेले, वाचत गेले, आणि मग माझ्या डोक्यात लख्ख पडलं! अहो, दोन्ही रकाने एकच आहेत! वाटेतही तो मागे येतच असतो, आपल्याला दिसत नाही एवढंच, आणि काहीतरी बदललं की चावतो. आणि बोटीपाशी सरळ वाट संपते, तिथे बदल आपल्याला करावाच लागतो, तोच आठ! आमिष एकाएकी वळतं, कूस दाखवतं, भक्ष्याला कुणीतरी मागे असल्याचं कळावं आणि त्याने पळ काढावा तसं! मी हे आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, हो, म्हणून तर लिहून ठेवतो.

तरी मला विचाराल तर मी बोटीपाशीच्या बाजूची. वाटेतला घास हाताला कळतो, बोटीपाशीचा डोळ्यांना दिसतो!

मला दिसला. संध्याकाळी, सूर्य टेकला होता. पहिलं वळण, काही नाही. दुसऱ्या वळणावर खालून एक सावली वर आली, मी थांबले नाही, थांबले नाही हो या वेळी! वळणावर वेग वाढवला आणि पांढरं तोंड उघडलं आणि मिटलं आणि चकत्या दिसेनाशा झाल्या आणि मग मी रॉड त्याच्या शेपटीच्या दिशेने ओढला आणि मग पाणी माझ्या तोंडावर आलं आणि भाऊ “ताई! ताई!” ओरडत होता आणि आजोबा रील सैल सोड म्हणत होते, कारण हातभर दोरीला ताणायला जागाच नसते, काहीतरी तुटतंच, आणि मग जाळं खाली गेलं आणि तो जाळ्यात होता!

४१ इंच! अंगावर वाघासारखे उभे पट्टे!

त्याला पाण्यातच ठेवलं. लांब पक्कडीने गळ काढले, एक निघेना तेव्हा कात्रीसारख्या हत्याराने गळच कापून टाकला, माशाला त्रास नको म्हणून. आजोबा तर भर उन्हाळ्यात पाणी २७ अंशांच्या वर गेलं की बोट काढतच नाहीत. सोडलेला मासाही गरम पाण्यात दमून मरतो म्हणून. मी त्याला पोटाखालून धरलं, क्षणभर, गार, जड, आणि मग त्याने शेपूट हलवली आणि गेला.

आईला मालवणात फोन केला. ती म्हणाली, “सोडलंस? एवढा मोठा? अगो, चार घरांत कालवण झालं असतं!”

शनिवारी पहाटे चारला आम्ही परत तिकडे निघतोय. मागच्या सीटवर एक जागा आहे. पाण्यात आत दिसेल असा गॉगल तेवढा आणा, आणि येईपर्यंत आठ गिरवत राहा. इंग्रजी हं! दोन पोटांचा!