खारी आहे का?

ठाण्यात शेअर रिक्षानं घरी येताना मी कित्येकदा माझ्या नाक्याच्या पुढे उतरलो आहे. झोप लागली म्हणून नव्हे, तर ‘इथे थांबवा’ हे दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत म्हणून. बाकीचे दोघं उतरतील तिथे आपणही उतरायचं आणि उरलेलं अंतर मागे चालत यायचं. घरी कुणी विचारलंच तर सांगायचं, तेवढाच व्यायाम!

लहानपणी मला बुजरा म्हणत. कॉलेजात घुम्या झालो आणि नोकरीत चक्क ‘मितभाषी’ ही पदवी मिळाली. पंगतीत वाढप्याला ‘नको’ म्हणता येत नसे, म्हणून ताटात जिलब्यांचा ढीग होई. कुणी बोलायला येताना दिसलं की बंद फोन कानाला लावून मी मांडवाबाहेर. रात्री अंथरुणावर पडलो की दिवसभरात बोललेलं एकेक वाक्य पुन्हा तपासायचं, हिशोबनीस असल्यासारखं. तसा मी पोटापाण्यासाठीही हिशोबनीसच आहे.

या दुखण्याचं निदान मी स्वतःच करून टाकलं होतं. मला स्वतःची किंमत वाटत नाही. आधी आत्मसन्मान वाढवायचा, मग माणसांत मिसळणं आपोआप जमेल. गच्चीवरची टाकी भरली की नळाला पाणी येतं, तसं. कपाटाच्या दाराला आतून चिठ्ठी चिकटवली होती : ‘मी आत्मविश्वासू आहे. मी लोकांना आवडतो.’ रोज सकाळी ती वाचायचो, आणि आतून कुणीतरी लगेच विचारायचं, ‘कुणाकुणाला? नावं सांग.’

या मताची किंमत मी एकट्यानं मोजली असती तर एवढं लिहिलं नसतं. मुलगी पाचवीत असताना शाळेत कवितापाठाची स्पर्धा होती. आदल्या रात्री ती रडकुंडीला आली. मी प्रेमानं म्हणालो, ‘आत्मविश्वास आला की पुढच्या वर्षी जा,’ आणि बाईंना चिठ्ठी लिहिली : प्रकृती बरी नाही. तिचा चेहरा असा खुलला, की आपण फार समंजस बाप आहोत असं मला वाटलं. पुढच्या वर्षी स्पर्धेची सूचना लागली त्याच दिवशी ती कागद आणि पेन घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. कविता पाठ करून बघायची तसदीही तिनं घेतली नव्हती.

त्या पेनानं मला समुपदेशकाकडे नेलं. मी म्हणालो, ‘मॅडम, माझा आत्मसन्मान वाढवून द्या.’ त्यांनी कपाटातल्या चिठ्ठीची हकिकत ऐकली आणि शांतपणे म्हणाल्या, ‘आधी ती काढा.’ मग २००९ मधला जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोग सांगितला. ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं स्वतःशी घोकल्यावर मुळात स्वतःला कमी लेखणाऱ्यांना बरं वाटायच्या ऐवजी आणखी वाईट वाटलं. कारण मन काही खुळं नसतं. न पटणारं वाक्य पुढे केलं की ते उलटतपासणी घेतं.

त्यांनीच मला मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस वाचायला लावला. कि. मो. फडके, डॉ. आनंद नाडकर्णी यांच्यामुळे हा अमेरिकन माणूस मराठी वाचकाला परका राहिलेला नाही. तरुणपणी तो मुलींशी बोलायला घाबरायचा. १९ व्या वर्षी त्यानं न्यूयॉर्कच्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर जाऊन, बाकावर एकटी बाई दिसली की शेजारी बसून बोलायचंच असं ठरवलं. त्यानं सांगितलेला हिशोब असा : १३० जणींजवळ बसला, ३० उठून गेल्या, उरलेल्या १०० जणींशी बोलला. एकीनं भेटायचं कबूल केलं आणि ती आलीच नाही. हिशोबनीस म्हणून मी हा व्यवहार निव्वळ तोट्यात दाखवला असता. पण त्याची भीती गेली. कुणी किंचाळलं नाही, कुणी पोलिसांना बोलावलं नाही, आणि नकार पचतो हे त्याला कळलं.

पुढे एलिस आत्मसन्मानाच्याच विरोधात गेला. स्वतःला चांगले गुण देण्याची सवय लागली की वाईट गुण देण्याची वेळही येणारच, असं त्याचं म्हणणं. कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका. हे वाचून मी आधी चिडलो. पंधरा वर्षं ज्याची वाट पाहिली, ते हवंच कशाला, असं हा विचारत होता!

मॅडमनी गृहपाठ दिला. हार्डवेअरच्या दुकानात जायचं आणि खारी मागायची. तीन दिवस मी त्या दुकानावरून नुसता गेलो. चौथ्या दिवशी आत शिरलो. मालक खिळे तोलत होते.

‘खारी आहे का?’

‘पुढे बेकरी,’ ते म्हणाले. त्यांनी तराजूवरून नजरसुद्धा उचलली नाही.

मी बाहेर येऊन फुटपाथवर उभा राहिलो. छाती धडधडत होती आणि हसू आवरत नव्हतं. ज्या शरमेला आयुष्यभर घाबरलो, ती ‘पुढे बेकरी’ एवढीच निघाली.

सगळ्यात अवघड गेलं ते कानाचा फोन सोडणं. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये हा गुंता मांडला. भित्रा माणूस अशा क्लृप्त्यांनी वेळ निभावून नेतो, पण मग श्रेय क्लृप्तीला जातं. फोन होता म्हणून वाचलो, असं वाटतं; मुळात बुडत नव्हतोच, हे कळायची संधीच मिळत नाही. मुलीसाठी बाईंना लिहिलेली माझी चिठ्ठी म्हणजे अशीच क्लृप्ती होती.

गेल्या वर्षी सोसायटीच्या वार्षिक सभेत टाकी साफसफाईचा खर्च दोनदा लागलेला दिसला. मी उठलो. आवाज कापत होता, हातातला कागदही. सेक्रेटरी म्हणाले, ‘बरोबर आहे, दुरुस्त करतो.’ जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गाठलं. ‘आवाज कापत होता हो तुमचा. बीपी बघून घ्या.’

म्हणजे कुणाला तरी दिसलं होतंच. पूर्वी एवढ्या वाक्यावर माझी पंधरा दिवसांची झोप उडाली असती.

‘चारचौघांत बोलायची भीती वाटते मला,’ मी म्हणालो.

‘मग बोललात कशाला?’

‘हिशोब चुकला होता ना.’

‘ते खरं,’ त्या म्हणाल्या आणि भाजीची पिशवी माझ्या हातात देऊन किल्ली शोधू लागल्या.

ज्यांची भीती शिक्षण, नोकरी सोडायला लावते त्यांनी खारीवर विसंबू नये; मानसोपचारतज्ज्ञ गाठावा, किंवा निदान टेलिमानस हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करावा. माझं म्हणणं एवढंच की मी क्रम उलटा लावला होता. आज माझा आत्मसन्मान वाढला आहे का? सांगता येणार नाही. टाकी किती भरली ते बघायला मी हल्ली गच्चीवर जात नाही.

मुलगी आता आठवीत आहे. तिची मी माफी मागितली आणि खारीची गोष्ट सांगितली. कवितापाठाला ती अजून ‘हो’ म्हणालेली नाही. पण परवा सोबत चालताना एकदम म्हणाली, ‘बाबा, मी मेडिकलमध्ये शेवग्याच्या शेंगा मागू?’ मी बाहेरच थांबलो. परत आली ती लालबुंद होऊन, पोट धरून हसत.

‘काय म्हणाले?’

‘म्हणाले, कालच संपल्या.’