व्हायोलिन कुणाचं?

चि. सोहम,


तुझं रॅप तीनदा ऐकलं. आजी म्हणाली, "भावगीताची पार वाट लावली पोरानं," आणि मग तीच म्हणाली, पुन्हा लाव. एक सांगू? तू भावगीताची चाल घेतलीच नाहीस. दोन कडव्यांमधला व्हायोलिनचा पीस उचललास, आणि रडू येतं ते त्यानंच.

मला रॅपर पफ डॅडी आठवला. मार्च १९९७ मध्ये लॉस एंजेलिसला त्याच्या दोस्ताला, नोटोरियस बी.आय.जी.ला, गोळ्या घातल्या. त्याच्या आठवणीत पफ डॅडीनं 'आय्ल बी मिसिंग यू' केलं; मुखडा गायली मृताचीच बायको, फेथ एव्हान्स. खाली 'द पोलीस' या बँडचं १९८३ चं 'एव्हरी ब्रेथ यू टेक'. लोक ते लग्नात लावतात, पण बँडच्या स्टिंगनं लिहिलंय ते पाळत ठेवणाऱ्या, पछाडलेल्या माणसाचं गाणं! त्याचं शोकगीत झालं कसं? चाल आहेच, पण माझ्या कानाला खरं काम करते ती बँडच्याच अँडी समर्सची गिटार. सुटे सुटे सूर, एकामागून एक, थांबायचं नावच नाही. रॅपरनं नेमकी तीच उचलली. अमेरिकेत गाणं ११ आठवडे पहिल्या नंबरावर. आधी परवानगी घेतली नव्हती. मग गीत-संगीताची रॉयल्टी गेली स्टिंगकडे, कारण मूळ गाण्याखाली नाव त्याचं एकट्याचं. समर्स तिथे नाहीच.

आता गंमत बघ. स्टिंगच्याच १९९३ च्या 'शेप ऑफ माय हार्ट'वर गिटारवाल्या डॉमिनिक मिलरचं नाव सहलेखक म्हणून आहे. रॅपर ज्यूस वर्ल्डनं २०१८ साली 'लुसिड ड्रीम्स'मध्ये ती गिटार घेतली, तर श्रेयात मिलरही आला. समर्स आणि मिलर, दोघांनी केलं ते एकच. फरक कागदाचा.

आपल्याकडे तर वादकाला त्या दिवसाचं पाकीट मिळायचं, आणि कव्हरवर गायक, गीतकार, संगीतकार. मीही दोन रेकॉर्डिंगना वाजवलंय. कुठल्या, ते सांगत नाही, चेष्टा करशील.

परवानगी कुणाकुणाची घ्यायची ते वकिलाला विचार. पण तो व्हायोलिनवाला कोण, ते मला शोधायचंय. दादरच्या दोघा जुन्या वादकांना फोन लावतो. रविवारी जेवायलाच ये, आणि मूळ रेकॉर्ड घेऊन ये. फोनवर खालचे सूर ऐकूच येत नाहीत.

तुझा,
मामा