नवा संगणक, जुना डेटाबेस

कार्यालयातला संगणक बदलल्यावर प्रोग्राम डेटाबेसशी जोडला जात नाही, तेव्हा पहिली तपासणी शेजारच्या टेबलावर करायची असते. तिथल्या जुन्या संगणकावर तोच प्रोग्राम त्याच वेळी नीट चालत असेल, तर सर्व्हर चालू आहे आणि डेटाबेस शाबूत आहे, हे ठरते. दोष नव्या संगणकात किंवा तिथून सर्व्हरपर्यंतच्या वाटेत असतो. एवढे कळले की घाईघाईने सर्व्हर रीस्टार्ट करणे किंवा बॅकअप चढवणे असे प्रकार टळतात आणि इतरांच्या चालू कामाला धक्का लागत नाही.

प्रस्तुत लेखकाने ही तपासणी एका पतसंस्थेच्या कार्यालयात केली. ठेवी आणि कर्जखात्यांचा प्रोग्राम जुना, ३२ बिटचा होता. माहिती लॅनवरच्या सर्व्हरमध्ये एसक्यूएल सर्व्हर २०१६च्या एक्सप्रेस आवृत्तीत साठवलेली होती. विंडोज १०साठीचा मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे काउंटरवरचा ३२ बिट विंडोज १०चा संगणक काढून विंडोज ११चा बसवण्यात आला. प्रोग्राम इन्स्टॉल झाला, लॉगिनची खिडकी उघडली आणि पाठोपाठ एरर आली.

अशा वेळी एररचा मजकूर शब्दशः उतरवून घेणे फार मोलाचे असते. प्रोग्राम आधी संगणकातली जोडणीची माहिती शोधतो, मग ड्रायव्हर उघडतो, सर्व्हरचे नाव पत्त्यात बदलतो, पोर्टपर्यंत पोचतो, सांकेतिक संवाद ठरवतो आणि शेवटी ओळख पटवतो. प्रत्येक टप्प्याच्या एरर वेगळ्या असतात. म्हणून एरर बदलली की जोडणी एक टप्पा पुढे सरकली, असे समजायचे. एका वेळी एकच सेटिंग बदलले, तर कोणत्या बदलाने काय झाले हे स्पष्ट राहते.

पहिली एरर आयएम००२ होती. डेटा सोर्सचे नाव सापडत नाही, असा तिचा अर्थ. प्रोग्राम ओडीबीसीमार्फत जोडला जात होता आणि त्यासाठी लागणारी डेटा सोर्सची नोंद, म्हणजे डीएसएन, फक्त जुन्या संगणकाच्या रजिस्ट्रीत होती. प्रोग्राम नव्याने इन्स्टॉल केला म्हणून डीएसएन आपोआप तयार होतोच असे नाही. विंडोज ११ केवळ ६४ बिटमध्ये मिळते आणि तिच्यात ओडीबीसीची दोन व्यवस्थापन साधने असतात. ६४ बिटचे साधन सिस्टम३२ या फोल्डरमध्ये, तर ३२ बिटचे सिसवाऊ६४ या फोल्डरमध्ये असते. फोल्डरच्या नावांवरून नेमका उलटा समज होतो. ६४ बिटच्या साधनात तयार केलेला सिस्टम डीएसएन ३२ बिटच्या प्रोग्रामला उपयोगी पडत नाही. बिटांचा मेळ बसत नसल्याचे सांगणारी आयएम०१४ ही एररही याच गटातली आहे. इथे ३२ बिटच्या साधनातून, जुन्या संगणकावर होते त्याच नावाने सिस्टम डीएसएन तयार केला आणि त्याला एसक्यूएल सर्व्हरसाठीचा ओडीबीसी ड्रायव्हर १८ जोडला. या साधनात डेटा सोर्सची चाचणी घेण्याची सोय आहे. प्रोग्रामला बाजूला ठेवून फक्त जोडणी तपासता येते, त्यामुळे पुढचे सर्व टप्पे तिथेच तपासले गेले.

चाचणीत सर्व्हर सापडत नसल्याची एरर आली. सर्व्हरच्या आयपी ॲड्रेसला पिंग केल्यावर उत्तर मिळाले, नावाला पिंग केल्यावर मिळाले नाही. केबल, स्विच आणि आयपी ॲड्रेस ठीक होते. नावावरून पत्ता काढण्याचे काम अडले होते. जुन्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये सर्व्हरचे नाव आणि पत्ता पूर्वी कोणीतरी लिहून ठेवला होता. अशा वेळी डीएसएनमध्ये नावाऐवजी थेट आयपी ॲड्रेस लिहिण्याचा मोह होतो. मात्र पुढे प्रमाणपत्र तपासताना नावच जुळावे लागते, म्हणून नाव कायम ठेवून कार्यालयाच्या डीएनएसमध्ये त्याची नोंद केली. त्यामुळे पुढे येणाऱ्या प्रत्येक संगणकाची सोय झाली.

नाव सापडले, तरी सर्व्हरवरचा डेटाबेस सापडेना. एसक्यूएल सर्व्हरचा मूळ, बिननावाचा इन्स्टन्स सहसा १४३३ या टीसीपी पोर्टवर ऐकतो. एक्सप्रेस आवृत्ती मात्र बहुधा नाव दिलेल्या इन्स्टन्सच्या रूपात बसते आणि तिचा पोर्ट बदलता असू शकतो. आयपी ॲड्रेस इमारतीपर्यंत नेतो, पोर्ट त्या इमारतीतल्या नेमक्या खिडकीपर्यंत. चालू पोर्ट कोणता, हे एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर नावाची सेवा १४३४ या यूडीपी पोर्टवरून सांगते. ती सेवा बंद असेल किंवा तो पोर्ट फायरवॉलने अडवला असेल, तर इन्स्टन्स शोधता येत नाही. जुन्या संगणकावर क्लायंट कॉन्फिगरेशनच्या साधनात एक अलियास होता आणि त्यात पोर्टचा आकडा दिलेला होता, म्हणून तिथे ब्राउझरची गरज कधी पडली नव्हती. सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये टीसीपी/आयपी चालू आहे आणि पोर्ट स्थिर आहे याची खात्री केल्यावर तोच पोर्ट डीएसएनमध्ये सर्व्हरच्या नावापुढे लिहिला. एसक्यूएल सर्व्हरमध्ये नाव आणि पोर्ट यांच्यामध्ये स्वल्पविराम द्यावा लागतो. इथे कोलन चालत नाही.

त्यानंतर चाचणी बराच वेळ थांबून राहिली आणि वेळ संपल्याची एरर आली. या टप्प्यावर दोन क्रमांकांतला फरक ओळखणे सर्वांत उपयोगी ठरते. १००६१ म्हणजे सर्व्हरने जोडणी नाकारली. मागणी तिथवर पोचली, पण त्या पोर्टवर ऐकणारे सहसा कोणी नसते. सेवा बंद असते किंवा पोर्ट चुकलेला असतो. १००६० म्हणजे उत्तरच आले नाही. वाटेतल्या फायरवॉलने मागणी गुपचूप टाकून दिली असेल, तर बहुधा हाच क्रमांक दिसतो. पिंग इथे पुरेसे नसते, कारण ते पोर्ट तपासत नाही. पॉवरशेलमधील टेस्ट-नेटकनेक्शन या आज्ञेला पोर्टचा आकडा दिला की तेवढाच पोर्ट तपासला जातो.

सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये या पोर्टसाठी परवानगी होती, पण ती काही ठरावीक आयपी ॲड्रेसपुरती होती. जुन्या संगणकाला स्थिर पत्ता होता. नव्याला राउटरच्या डीएचसीपीने दुसराच दिला होता. राउटरमध्ये नव्या संगणकासाठी एक पत्ता राखून ठेवला आणि परवानगीच्या यादीत जुन्याच्या जागी तो घातला. फायरवॉल पूर्ण बंद करून काम भागवले असते, तर सभासदांच्या ठेवींची माहिती ठेवणारा सर्व्हर नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्रापुढे उघडा पडला असता. चाचणीपुरती बंद केलेली फायरवॉल पुन्हा सुरू करायचे अनेकदा राहून जाते, म्हणून चाचणीसाठीही तिला हात लावू नये.

आता सर्व्हर बोलू लागला, पण प्रमाणपत्र विश्वासार्ह संस्थेने दिलेले नाही, अशी एरर आली. २०२२मध्ये आलेल्या ओडीबीसी ड्रायव्हर १८मध्ये सांकेतिक संवाद मुळातच सक्तीचा आहे. जुन्या संगणकावरचा, विंडोजसोबत येणारा ड्रायव्हर अशी सक्ती करत नव्हता. सर्व्हरवर वेगळे प्रमाणपत्र बसवलेले नसेल, तर एसक्यूएल सर्व्हर स्वतःच एक प्रमाणपत्र तयार करतो आणि नवा ड्रायव्हर ते मान्य करत नाही. ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट हा पर्याय चालू केला की एरर जाते आणि संवादही सांकेतिक राहतो, पण समोरचा सर्व्हर खरा आहे की नाही हे तपासले जात नाही. म्हणून सर्व्हरच्या नावाचे प्रमाणपत्र तयार करून एसक्यूएल सर्व्हरला जोडले आणि त्याचा सार्वजनिक भाग नव्या संगणकाच्या विश्वासार्ह प्रमाणपत्रांच्या साठ्यात घातला. डीएसएनमध्ये नावाऐवजी आयपी ॲड्रेस असता, तर तो या प्रमाणपत्राशी जुळला नसता.

शेवटचा अडसर लॉगिनचा होता. १८४५६ या एररचा अर्थ लॉगिन फसले, असा आहे. क्लायंटला तिच्यात जास्त तपशील दिसत नाही. खरे कारण सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये स्टेटच्या आकड्याने नोंदलेले असते. स्टेट ५ म्हणजे असे वापरकर्तानाव नाही, ८ म्हणजे पासवर्ड जुळत नाही. ४०६० म्हणजे मागितलेला डेटाबेस उघडता येत नाही. इथे आलेली एरर १८४५२ होती: लॉगिन अविश्वासू डोमेनमधून होत आहे. कार्यालयात डोमेन नव्हते, सगळे संगणक वर्कग्रुपमध्ये होते आणि सर्व्हर फक्त विंडोजची ओळख मानत होता. अशा रचनेत एकाच नावाचे आणि एकाच पासवर्डचे खाते दोन्ही यंत्रांवर असले की लॉगिन होते. नवा संगणक दुसऱ्याच नावाच्या खात्याने सुरू केलेला होता. काउंटरच्या कर्मचाऱ्याचे सर्व्हरवर जे खाते होते, तेच नव्या संगणकावर साध्या वापरकर्त्याच्या अधिकारांत तयार केले. सर्व्हरची ओळखीची पद्धत बदलून एसए या सर्वाधिकारी लॉगिनने दैनंदिन काम सुरू करणे टाळले, कारण त्याला संपूर्ण सर्व्हर मोकळा असतो.

जोडणी यशस्वी झाल्यावर प्रत्यक्ष काम तपासावे लागते. जुने खाते उघडणे, चाचणीच्या डेटाबेसमध्ये नवी नोंद करून ती दुसऱ्या संगणकावर पाहणे आणि पावती छापणे, या तीन गोष्टी पुरेशा बोलक्या असतात. नव्या विंडोजमध्ये प्रदेश अमेरिका निवडलेला होता. तशा सेटिंगमध्ये ०३/०४ ही तारीख ३ एप्रिलऐवजी ४ मार्च म्हणून वाचली जाऊ शकते आणि व्याजाची आकारणी कोणतीही एरर न देता चुकते. प्रदेश भारत केल्यावर तारखा जुळल्या.

जुना संगणक या सगळ्या तपासणीनंतरच फॉरमॅट करावा. त्याआधी डीएसएन, ड्रायव्हरची आवृत्ती, होस्ट्स फाइल, अलियास, आयपी ॲड्रेस, विंडोजच्या खात्याचे नाव आणि प्रादेशिक सेटिंग यांची नोंद घ्यावी. पासवर्ड या कागदावर लिहू नयेत. सर्व्हरवरच्या फायरवॉलच्या यादीतून जुन्या संगणकाचा पत्ता काढला आहे, हेही तपासावे. नोंदीची एक प्रत कार्यालयाच्या फाइलमध्ये आणि एक सर्व्हर सांभाळणाऱ्याकडे ठेवली, की पुढचा संगणक बदलताना हेच टप्पे त्याच क्रमाने आधीच पूर्ण करता येतात आणि काउंटर बंद ठेवावा लागत नाही.